त्या पंगतीला मी बसलो होतो

दौंडहून निघालेली पॅसेंजर बारामतीला पोचली तेव्हा इंदापूरची एसटी सुटून गेली होती. पुढची दीड तासानं मिळाली. कालव्याचं पाणी होतं तिथवर दोन्ही बाजूंना ऊस. मग तो एकाएकी संपला आणि भेगाळलेली रानं सुरू झाली. नव्वदच्या दशकातला तो एक कोरडा उन्हाळा होता. माझा कॉलेजातला मित्र सॅम्युअल इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होता. तिथल्या चर्चची मंडळी दर रविवारी गरजूंना जेवू घालत. ते बघायला त्यानं बोलावलं होतं.

चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलेली ही माणसं. धर्म बदलला, वस्ती तिथंच राहिली. मागं लिंबाखाली चुली पेटल्या होत्या. मार्ताबाई आठवडाभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायच्या आणि रविवारी इथं भाकऱ्या थापायच्या. पीठ घराघरांतून पसापसा जमवलेलं. सोबत हुलग्यांचं माडगं (पिठाचं गरम, पातळ कढण) आणि कांदा.

"गावातलं कुणी येतं का?" मी विचारलं.

"उपाशी ऱ्हात्याल, पन आमच्या हातचं न्हाय खानार," मार्ताबाई म्हणाल्या. "एक भिवातात्या तेवढं येत्यात."

तात्या माझ्याच शेजारी बसले. पूर्वी मेंढरं राखायचे. मेंढरं विकली, मुलगा लोणी देवकरला कारखान्यात लागला, आणि सून दुपारी स्वयंपाकघराला कुलूप लावून जायची. माडग्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "लई दिसांनी ऊन ऊन पोटात गेलं बगा."

माझं जेवण आधी झालं. हात धुऊन मी उभा होतो, तोच मोटारसायकलवरून त्यांचा मुलगा आला.

"आबा, उठा! घरात काय कमी हाय म्हून हितं बसलाय?"

तात्या खाली मान घालून जेवत राहिले. मुलगा माझ्याकडे वळला. नाव-गाव विचारलं. आडनाव ऐकताच त्याचा आवाज मऊ झाला. "म्हंजी तुमी आपल्यातलंच. आता पाव्हनं, तुमीच सांगा, तुमी जेवला का हितं?"

मार्ताबाई भाकरी घेऊन मागंच उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "मी नुसता बघायला आलोय."

"ऐकलं का, आबा?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धी भाकरी ताटात ठेवली, धोतराला हात पुसले आणि मुलाच्या मागं जाऊन बसले. मी होय म्हणालो असतो तरी मुलानं त्यांना नेलंच असतं. पण मग ते एकटे पडले नसते.

निघताना मार्ताबाईंनी चहा पुढे केला. "घ्या. का त्योबी घेतला न्हाय म्हून सांगनार?"

पुण्याला पोचल्यावर आईनं विचारलं, "जेवलास कुठं?"

"स्टँडवर," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुमारास सॅम्युअलचं पत्र आलं. तात्या त्यानंतर पंगतीला आलेच नव्हते. पावसाळ्यात ते गेले. तेराव्याला मुलानं गावाला बुंदीचं जेवण घातलं आणि वस्तीच्या ताटांची रांग वेगळी मांडली.

ते पत्र मी घरात कोणाला दाखवलं नाही.