आधी दुसरी बाजू

आमच्या गाडीत एक नियम आहे. सावेडीतून आम्ही चार शिक्षक एकाच गाडीने घोडेगावजवळच्या आमच्या शाळेत जातो. परतीच्या वाटेवर ज्याच्याकडे किस्सा नसेल, त्याने बाकीच्यांना चहा पाजायचा. मी सातवीला इंग्रजी शिकवते. त्यामुळे मी आजवर एकदाही चहा पाजलेला नाही!

यंदा तर किस्से ठेवायला जागा नाही. मी मुलांना 'आर्ग्युमेंट रायटिंग' शिकवायला घेतलं. म्हणजे नुसतं मत ठोकून द्यायचं नाही. मत, कारण, पुरावा, सगळं रीतसर मांडायचं, तेही इंग्रजीत. भांडणात ही मुलं कुणाला ऐकत नाहीत, तेव्हा मला वाटलं, हे तर सोपंच जाईल. भोळी मी!

*

पहिला विषय, गृहपाठ असावा का? आमचा ओंकार "होमवर्क इज बॅड फॉर आइज" एवढं लिहून मोकळा झाला.

"पुरावा कुठाय?" मी म्हटलं. "पुराव्याशिवाय मार्क नाहीत."

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना वर्गाच्या दारात एक आजी येऊन उभ्या राहिल्या. ओंकार ऐटीत उठला. "मॅडम, एव्हिडन्स!"

आजी पदर सावरत आत आल्या. "व्हय बाई, खरं हाय. पोराचं डोळं रोज रातच्याला लाल हुत्यात. म्या सोता बघितलंय."

ओंकारने वर्गाकडे असं पाहिलं, जणू केस जिंकलीच.

"मोबाईल बघून बघून!" आजी म्हणाल्या.

*

मग मी तोंडी वादविवाद घेतला. साहिलने बाजू मांडायची, वैभवने ती खोडून काढायची. साहिल जोरात बोलला. वैभव उठला, "आय अग्री" म्हणाला आणि खाली बसला.

"अरे, तुला विरोध करायचाय!"

"मॅडम, त्याच्याच सायकलवर घरी जायचंय मला."

*

आमच्या हेडमास्तरांनी खेळाच्या तासाला कात्री लावून तिथे इंग्रजीचा जादा तास बसवला. मुलांचे चेहरे पडले. मी म्हटलं, रडता काय, शिकलात ना? लिहा अर्ज! सगळ्या वर्गाने मिळून लिहिला. स्पेलिंगं मी तपासली, बाकी अक्षर न अक्षर त्यांचं.

हेडमास्तरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि मला बोलावून घेतलं. "मॅडम, मुद्दा बिनतोड आहे. खेळाचा तास परत देतोय."

अर्जाचं शेवटचं वाक्य असं होतं : हा अर्ज आम्ही इंग्रजीत लिहिला आहे, तरी आम्हाला जादा इंग्रजीची गरज आहे का?

*

या सगळ्यांत सानिकाची तऱ्हा निराळी. विषय कुठलाही द्या, तिच्या लिखाणात हौशी येणारच. हौशी म्हणजे तिच्या घरची गाय. शाळा सकाळची असावी की दुपारची? दुपारची, कारण सकाळी हौशीची धार काढायची असते. शहर बरं की खेडं? खेडं, कारण हौशी फ्लॅटमध्ये मावणार नाही!

हौशीला सानिकाने वासरू असल्यापासून वाढवलेलं. धार काढायला सानिकाच लागते, दुसरं कुणी बसलं की लाथ. आम्ही शाळेची सहल काढली आणि सानिका घरी नव्हती, तेवढ्यात हौशीने अख्ख्या घराला लोळवलं. सानिकाच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, त्याच दिवशी ठरवलं, ही गाय घोडेगावच्या बाजारात विकायची.

सानिका वर्गात हुंदके देऊन रडली. मलाही फार वाईट वाटलं. सहल मीच काढली होती ना!

"पप्पांना समजावून बघ," मी म्हटलं.

"लई सांगितलं मॅडम. त्ये म्हनत्यात, गिऱ्हाईक मिळालं की विषय संपला."

*

नेमका त्याच आठवड्यात धडा होता, समोरच्याची बाजू आधी मांडायची. मी फळ्यावर लिहून दाखवलं. आपल्या मताच्या विरुद्ध जे काही असेल ते आपणच प्रामाणिकपणे सांगायचं, मग 'हाऊएव्हर' म्हणायचं आणि त्यानंतर आपली बाजू.

अख्खा वर्ग माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. ओंकार म्हणाला, "म्हंजी बाजारात गाय विकायला नेली, तर तिची खोड आपनच सांगायची व्हय?"

"हो! त्यानेच विश्वास बसतो."

सगळे खो खो हसले. सानिका तेवढी हसली नाही. ती मान खाली घालून लिहून घेत होती.

*

बाजाराच्या दिवशी दुपारी भाऊसाहेब तरातरा शाळेत आले. मागे सानिका.

"मॅडम, काय शिकवलंय तुमी हिला?"

"का हो, काय झालं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? सौदा जुळत आल्ता. टॉवेलाखाली बोटं धरलेली. तिथं कुनी तोंडानं भाव बोलत न्हाई, अन् ही मधीच मोठ्यानं म्हनती, 'मामा, आधी दुसरी बाजू ऐका!'"

"मग?"

"मग काय! लाथ मारती, खुराक बघितल्याबिगर पान्हा सोडत न्हाई, नवं मानूस दिसलं की शिंग उगारती. समदा बाजार गोळा झाला ऐकायला. गिऱ्हाईकानं बोटं सोडली अन् टॉवेल झटकून गेलं की!"

मी ओठ घट्ट मिटून धरले. "खोटं काही सांगितलं का तिने?"

"खोटं कसलं! समदं खरंच हाय, हीच तर पंचाईत!" एवढं बोलून भाऊसाहेबांनाच हसू फुटलं. "आता कोन घेतंय तिला? ऱ्हाऊ द्या दावनीला."

"पण आहे कुठं ती?"

"ही काय, गेटावर. टेम्पोत."

सातवीचा वर्ग खिडकीला लटकला. मी सानिकाला बाजूला घेतलं. मनातून आनंद झाला होता, पण हाडाची मास्तरीण, राहवेना.

"सानिका, धडा अर्धाच सांगितलास. हाऊएव्हरच्या पुढं का नाही गेलीस? आपली बाजू तर त्याच्या पुढं असते!"

सानिकाने खिडकीतून टेम्पोकडे पाहिलं.

"मॅडम, माझी बाजू हाऊएव्हरच्या अलीकडंच हुती."