मोरीच्या पाण्यावरची लिंबोणी

आष्टीत जयवंताबाईच्या घरी पाण्याचा थेंब वाया जात नसे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. भांडी घासलेलं, हातपाय धुतलेलं, सगळं मोरीतून निघून परसातल्या लिंबोणीच्या आळ्यात जाई. लिंबोणी तिच्या नवऱ्याने, त्रिंबकने लावलेली. मेंढरं विकून घर बांधलं, त्या साली. राखेने घासलेल्या भांड्यांच्या पाण्यावर झाड असं पोसलं, की गल्लीतल्या प्रत्येक बरणीत त्याचंच लोणचं.

चैत्रात त्रिंबक गेला. बायकांनी जयवंताबाईला रडवून पाहिलं. ती नुसती बघत राहिली.

सुतक फिटलं त्या दिवशी घर धुवायचं होतं. पूर्वी जमीन शेणाने सारवली की भागायचं. आता फरशी आली होती. सून शीतलने फिनेल आणि ब्लिचिंग पावडर आणून ठेवली. जयवंताबाईने पदर खोचला आणि त्याच्या खाटेसकट सगळं घर एकटीने घासलं. दोन बाटल्या संपल्या. पाणी नेहमीच्या वाटेने गेलं.

पंधरा दिवसांत पानं कडेने करपली, मग गळू लागली. दीर कचरू आला. त्याने आळ्यातली माती उचलून हुंगली.

"वहिनी, ह्याला फिनेल पाजलं का?"

"घर धुतल्तं."

"अन् पाणी?"

"इकडंच येतं ना ते. दुसरीकडं कुठं जाईल?"

कचरूने हात झटकले. माती उपसून नवी घाला, चांगलं पाणी सोडा, मुळं जित्ती असली तर फुटेल, असं सांगून तो गेला.

माती तिने स्वतः उपसली. प्यायचं पाणी झाडाला कशाला, म्हणून शीतल कुरकुरली. जयवंताबाईने आपल्या अंघोळीची घागर झाडाला दिली आणि ओल्या फडक्याने अंग पुसू लागली.

रोज सकाळी ती एका फांदीची साल नखाने खरवडी. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. शेंडा कोरडा निघाला. दुसऱ्या दिवशी त्याखालची फांदी, तीही कोरडी. अशी उतरत उतरत ती बुंध्याशी आली. त्या सकाळी तिने नख सालीला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

शीतल दारात आली.

"हिरवं हाये का, आत्या?"

"न्हाई बघितलं," ती म्हणाली. नख काढून घेतलं, घागर कलती केली आणि पाणी आळ्यात सोडलं.