वारा पडेपर्यंत

माई लिंडाचं खरं नाव एर्मेलिंडा मुतिसे. पण आमच्या मुचेंजे गावात तिला त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, तिची धाकटी बहीण जुदीत. तीही चिडली की मगच. बाकी लहानथोर सगळ्यांची ती माई.

तिच्या तरुणपणी बूझी नदीला पहिला मोठा पूर आला, तेव्हा तिचा नवरा जेरोनिमो पलीकडच्या झोपड्यांतल्या लोकांना आणायला होडी घेऊन गेला. वारा तुफान होता. बरोबर आणखी दोघं होते. होडी नंतर उसाच्या शेतात उपडी सापडली, माणसं सापडली नाहीत. माईला मूलबाळ नव्हतं. ती बहिणीच्या शेजारी खोपटं बांधून राहिली, आणि बहिणीचा मुलगा आझारियास दोघींच्या अंगणात मिळून वाढला. आमच्यात आईची थोरली बहीण म्हणजे मोठी आईच. तो जेवायचा मोठ्या आईकडे आणि झोपायचा आईकडे. भूक लागली की मोठी आई, मार चुकवायचा असला की आई, असा त्याचा हिशेब होता.

सरकारने नदीकाठच्या गावांत आपत्ती समित्या केल्या, तेव्हा सगळ्यांनी माईचं नाव सुचवलं. शाळा टेकाडावर आणि मी शाळेचा मास्तर, म्हणून रेडिओ माझ्याकडे आला. राजधानीत, मापुतोला, हवामानवाले समुद्रावर नजर ठेवून असतात. त्यांचा निरोप प्रांताला जायचा, प्रांताचा जिल्ह्याला, आणि जिल्ह्याचा माझ्या रेडिओवर. मी ऐकायचं आणि माईने झेंडा चढवायचा. निळा म्हणजे कान उघडे ठेवा, पिवळा म्हणजे गाठोडी बांधा, लाल म्हणजे असाल तसे निघा. झेंडा चढवून झाला की ती कर्णा घेऊन दारोदार फिरायची.

दर वर्षी पावसाआधी सराव व्हायचा. जिल्ह्याचे साहेब यायचे, शिट्ट्या वाजायच्या, बायका पोरं कडेवर घेऊन टेकाड चढायच्या. ताडी काढणारा तेओदोरो जखमी व्हायचा. तो अंगाने एवढा दांडगा, की झोळी उचलणारे चौघं शिव्या घालायचे आणि तो वरून म्हणायचा, "अरे हळू, मी मरायला टेकलोय! घोटभर ताडी पाजा, शेवटची इच्छा आहे." सगळा गाव हसायचा. माई तेवढी हसायची नाही. सरावाच्या शेवटी ती एकच नियम सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायची. वारा अंगावर असताना होडी पाण्यात घालायची नाही. वाचवायला गेलेलाच बुडाला, तर मागच्यांना आणणार कोण?

सरकारने गावाला दोन होड्या दिल्या होत्या. वल्ही माझ्या वर्गाशेजारच्या खोलीत कुलपात असायची, म्हणजे घाबरलेल्या माणसाने एकदम उचलून धावू नये. किल्ली माईच्या गळ्यात. होडीवाल्यांचा पुढारी आझारियास. तोवर तो चांगला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गडी झाला होता आणि नदी त्याला अंगणासारखी ठाऊक होती.

मोठ्या वादळाच्या आधीच्या वर्षी असं झालं, की लाल झेंडा चढला, सगळा गाव शाळेत येऊन बसला, आणि वादळ समुद्रातूनच वळून दुसरीकडे गेलं. लोक घरी परतले तर चोरांनी हात मारलेला. जुदीतच्या तर सगळ्या शेळ्या गेल्या. विहिरीवर चारचौघींत ती बहिणीला म्हणाली, "एर्मेलिंडा, तुझ्या वादळाला विचार गं, माझ्या शेळ्या कुठे ठेवल्यात ते." बायका फिदीफिदी हसल्या. माई घागर उचलून चालू लागली.

म्हणून पुढच्या वर्षी पिवळा झेंडा चढला, तेव्हा मी माईबरोबर घरोघर फिरलो. दोघांनी सांगितलं तर लोक ऐकतील, असं मला वाटलं. जुदीत अंगणात शिम्यासाठी, आमच्या मक्याच्या घट्ट उकडीसाठी, मका कांडत होती. नव्याने घेतलेल्या दोन शेळ्या खुंट्याला होत्या.

"येते गं," ती मुसळ न थांबवता म्हणाली. "शिमा शिजवते, शेळ्यांची सोय लावते, मग येते."

"शेळ्या घेऊन ये."

"शाळेत? मग काय, मास्तर शिकवणार त्यांना बाराखडी?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकतील," माई म्हणाली. "जुदीत, हसण्यावारी नेऊ नकोस. या खेपेला रेडिओवरचा माणूससुद्धा घाबरलेला वाटतोय."

"मागच्या खेपेलाही तू हेच म्हणालीस. येते म्हटलं ना! शेजारच्या बायकांबरोबर निघते, जा तू."

तेवढ्यात आझारियास नदीकडून ओरडला. नदीतल्या बेटावरच्या म्हाताऱ्यांना आणायला तो होडी घेऊन निघाला होता. "आई, थांब तिथेच, तुलाही होडीत घेतो!"

"तू जा, त्यांना चालता येत नाही. माझे पाय धड आहेत!"

तो गेला. दिवसभर त्याने खेपा घातल्या. आंधळी माणसं, बाळंतीण, एक लुळा म्हातारा, सगळ्यांना सुखरूप आणलं. दुपारी लाल झेंडा चढला, आणि वारा सांगितल्यापेक्षा लवकर आला. शेजारच्या बायका शाळेत पोहोचल्या तेव्हा जुदीत त्यांच्यात नव्हती. एक शेळी दावं तोडून पळाली होती, तिला धरून मागोमाग येते म्हणाली होती. आझारियासला वाटलं, आई पलीकडच्या वर्गात असेल. तो तिथे पोहोचेपर्यंत बाहेर उभं राहवत नव्हतं. शाळेचे पत्रे उडाले. आम्ही बाकांखाली पोरांना घेऊन पडून राहिलो.

उजाडलं तेव्हा पाऊस विरळ झाला होता, पण वाऱ्याचा जोर तसाच होता, आणि नदी जागेवर नव्हती. टेकाडापासून क्षितिजापर्यंत तपकिरी पाणी पळत होतं. मधे झाडांचे शेंडे होते. आणि गावाच्या टोकाला जे घराएवढं वारूळ आहे, त्याच्या माथ्यावर कुणीतरी बसलं होतं. पिवळा कापुलाना, आमच्या बायका नेसतात ते कापड, अंगाभोवती गुंडाळलेला. असा कापुलाना गावात एकीचाच होता.

आझारियास वल्ह्यांच्या खोलीकडे धावला. दाराशी माई आधीच येऊन बसली होती, पाठ दाराला लावून.

"मोठी आई, किल्ली दे."

"वारा पडू दे."

"ती दिसतेय तिथे! तू बघितलंस ना? तुझी बहीण आहे ती!"

"बघितलं."

"मग दे ना! मी एकटा जातो. कुणाला बरोबर नेत नाही."

"एकट्याने ती होडी वळतसुद्धा नाही. तुला माहीत आहे."

पण त्याच्या मागे दोघं जण येऊन उभे राहिले होते. त्याचे जोडीदार, दोघंही बायकापोरांचे. त्यांच्या बायका व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हत्या. माईने त्या बायकांकडे पाहिलं.

"वारा पडला की पहिली खेप तिचीच," ती म्हणाली.

आझारियासने तिचा दंड धरून ओढला. ती हलली नाही. त्याने हात उगारला. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. "तुझा नवरा बुडाला म्हणून माझी आई मारतेस काय?" तो म्हणाला. फार हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

 माईने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. दार फोडून आत जाणं त्याला जड नव्हतं. जुनं लाकूड होतं. पण त्यासाठी तिला उचलून बाजूला टाकावं लागलं असतं. ते त्याच्याने झालं नाही. तो व्हरांड्याच्या कडेला जाऊन बसला आणि वारुळाकडे बघत राहिला. आम्ही सगळेच बघत राहिलो. पाणी वारुळाला चढत होतं. एकदा तिने हात हलवला. आझारियास उठून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "येतोय, आई!" वाऱ्याने ते ओरडणं आमच्याच तोंडावर आणून टाकलं. मग पावसाची जाड सर आली आणि मधलं काही दिसेना.

सर गेली तेव्हा वारूळ दिसलं नाही.

दुपारनंतर वारा पडला. माईने स्वतः दार उघडलं, स्वतः वल्ही बाहेर काढली. पहिली खेप तिकडेच गेली आणि रिकामी आली. मग आझारियासने होडी वळवली आणि झाडांवरची माणसं आणायला सुरुवात केली. त्या दिवशी आणि पुढचे किती तरी दिवस त्या दोन होड्या थांबल्या नाहीत. शेजारच्या गावांतलीही माणसं त्यांनी आणली. त्यांत एक अवघडलेली बाई होती, ती टेकाडावरच मोकळी झाली. पुढे सरकारचं सगळं आलं. आधी हेलिकॉप्टर, मग तंबू, मक्याचं पीठ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. आमच्या समितीचा एकही माणूस दगावला नव्हता.

जुदीत खालच्या अंगाच्या गावाला सापडली. तिथल्या समितीने तिला पुरलंही होतं. प्रेत ठेवण्यासारखं नव्हतं. कापुलान्याचा तुकडा मात्र त्यांनी जपून ठेवला होता, ओळख पटावी म्हणून. आझारियास तो घेऊन आला. मोठ्या आईच्या दारावरून गेला, पण आत गेला नाही. महिन्याभरात गाव सोडून तो बेइराला बंदरावर कामाला लागला.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी समित्यांचं शिबिर होतं. मापुतोहून एक मोठे साहेब आले होते, वयाने तरुण, मनाने चांगले. ते माईला बाजूला घेऊन म्हणाले, "माई, तुमच्या गावची हकीकत मी इतर गावांना सांगू का? नाव घेत नाही. तुमच्यामुळे तीन माणसं जिवंत आहेत, आणि त्या तिघांनी पुढे किती जणांना आणलं."

"सांगा," माई म्हणाली. "उपयोगाची असेल तर सांगा."

साहेबांनी सांगितली. एका गावात एक बाई पाण्यात अडकली होती, आणि समितीने योग्य निर्णय घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माईचे हात मांडीवर होते. परतताना ट्रकमध्ये ती एकदाच बोलली. "मास्तर, टाळ्या कशाला वाजवायच्या?"

शाळेचे पत्रे आणायला मी बेइराला गेलो, तेव्हा आझारियासला भेटलो. त्याने मला भाजलेली मासळी खिलवली, गावातल्या एकेकाची चौकशी केली, तेओदोरोचीसुद्धा. मोठ्या आईची केली नाही. उठताना मीच विषय काढला. तो मासळीचे काटे गोळा करू लागला.

"मी बुडालो असतो, मास्तर. तिच्यापर्यंत पोहोचलोच नसतो. ते पाणी मी बघितलं होतं. मला कळतं." मग म्हणाला, "पण आईने हात केला, तेव्हा तिला वाटलं असेल की मी निघालो. ती वाट बघत बसली असेल. हे मला मोठ्या आईच्या तोंडाकडे बघून विसरता येत नाही."

मी परत येऊन माईला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती घेवडा सोलत होती.

"कळतं म्हणाला?"

"हो."

"जेवतो का नीट?"

"जेवतो."

ती पुढच्या शेंगेला लागली. आझारियास अजून आलेला नाही. त्याला मुलगी झाली, तिचं नाव जुदीत ठेवलंय, असं कुणाकडून तरी आमच्या कानावर आलं. माईने एक कापुलाना विकत घेऊन बेइराला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे दिला. तो पोहोचला की नाही, ते कळलं नाही.

यंदा पुन्हा पिवळा झेंडा चढला. माई कर्णा घेऊन निघाली, मी बरोबर होतो. पहिल्या घरी बाईने चूल विझवली आणि गाठोडं उचललं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर आम्ही अंगणात पोहोचायच्या आतच म्हातारा काठी घेऊन बाहेर आला. कुणी वाद घातला नाही, कुणी शेळ्यांचं नाव काढलं नाही. माईला बघून सगळे मान खाली घालून मुकाट चालू लागत होते.

गावाच्या टोकाला ती थांबली. कर्णा खाली ठेवला आणि जमिनीवर बसली. वारूळ समोरच होतं, पोरं त्याच्यावर चढून उतरत होती.

"चला माई," मी म्हटलं, "अजून नदीकडची घरं राहिलीत."

"एक तरी भांडेल असं वाटलं होतं, मास्तर," ती म्हणाली, आणि कापुलान्याच्या टोकाने डोळे पुसून उठली.