पंगतीबाहेरचा सोपान

सोपान गेल्याची बातमी मला कारखान्याच्या फाटकावर कळली. पाळी सुटत होती. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तुमचा सोपान गेला, राव… झोपेतच." मला आधी रडू आलं नाही, संताप आला. काही आठवडे उलटले, तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

सोपान आणि मी चाकणच्या पलीकडल्या एकाच गावचे, एकाच भावकीतले. पिंपरीला नवे कारखाने उभे राहू लागले तेव्हा बरोबरच आलो आणि त्याचं लग्न होईपर्यंत कासारवाडीला एका खोलीत राहिलो. लेथवर त्याचा हात असा काही बसला की साहेबांनी नवी यंत्रं शिकायला त्याला थेट इटलीत, तुरीनला धाडलं. सोबत भावकीतलाच रंगनाथ होता. सुरुवातीला दोघं खोलीवर बटाटे उकडून खात. सोपानची गालफडं बसली. ते बघून यंत्र शिकवणारा जोव्हान्नी एका रविवारी दोघांना घरी जेवायला घेऊन गेला. टेबलाच्या मधोमध मातीचं भांडं, खाली निखारे, आत तेलात विरघळलेला लसूण आणि खारवलेली बारीक मासळी. घरातल्या सगळ्यांनी त्या एकाच भांड्यात कोबी, गाजर, मिरची बुडवायची, तेल सांडू नये म्हणून खाली पावाचा तुकडा धरायचा आणि शेवटी तो पावही खायचा. सोपानने खुणेनं वेगळी बशी मागितली, तर जोव्हान्नीच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा पडला. पाहुण्याला वेगळं वाढणं म्हणजे त्याला घराबाहेर बसवणं, असं तिथं मानतात. हे कळल्यावर सोपानने मुकाट्याने हात पुढे केला. मग दर रविवारी दोघं तिथंच. घाई करायची नाही, दुसऱ्याच्या बाजूचं ओढायचं नाही, भांडं निवेपर्यंत उठायचं नाही, हे सगळं वळण तो शिकला. "लेथ लवकर आलं रे, जेवाय शिकाया येळ लागला," म्हणायचा आणि हसायचा.

परत आल्यावर गावात भावकीतलंच एक लग्न होतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले आणि तिकडे काय खाल्लं याची चौकशी सुरू झाली. रंगनाथ बेधडक म्हणाला, "पाव, दूध आन् केळी. दुसऱ्या कशाला शिवलो न्हाई." त्याच भांड्यात यानेही गाजर बुडवलं होतं! सोपानने मात्र सगळं रंगवून सांगितलं, भांडं, निखारे, म्हातारी, सगळं; रंगनाथचं नाव तेवढं घेतलं नाही. त्याचे थोरले चुलते बापूअण्णा ऐकत होते.

"म्हंजी किरिस्तावाचं उष्टं खाल्लंस?"

"उष्टं कसलं, अण्णा? एकत्र जेवलो आमी."

झालं. दुसऱ्या दिवशी सोपानचं पान गोठ्याच्या कडेला मांडलं आणि रंगनाथ पंगतीत नवरदेवाच्या शेजारी. प्रायश्चित्त घे, भावकीला जेवण घाल, मग बघू, असा निरोप आला. "परक्या माणसांनी मला जवळ बसवलं, त्याचं प्रायश्चित्त घेऊ व्हय?" एवढंच सोपान बोलला. मी आरडाओरडा केला, तर त्यानेच मला खाली बसवलं. लग्नघर हाय, म्हणाला. पुढे प्रत्येक कार्याला तो गेला आणि गोठ्याच्या कडेला बसून जेवून आला. कशाला जातोस रे मरायला, असं मी चिडून विचारायचो. "न्हाई गेलो तर त्यांना सोपं व्हईल," हे त्याचं उत्तर. त्याच्या सोशिकपणाचाही मला राग यायचा, अजून येतो.

तेराव्याला भावकीने गावात जेवण घातलं. मी गेलो आणि बघतो तर काय… पंगतीच्या अगदी पहिल्या जागी सोपानच्या नावाचं पान! भोवती रांगोळी, उदबत्ती, वर लाडू. जिवंत माणूस यांना शेजारी चालत नव्हता. मेला आणि शुद्ध झाला! बापूअण्णा डोळे पुसत होते. रंगनाथ वाढत होता.

तेवढ्यात हौसावहिनी, सोपानची बायको, माजघरातून बाहेर आली. कुणाकडे न बघता तिने ते पान दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ गोठ्याकडे चालू लागली.

"अगं, काय करतीस?" बापूअण्णा उठले. "झालं गेलं आता…"

"झालं न्हाई, मामंजी. तुमी केलं." तिने पान गोठ्याच्या कडेला ठेवलं. "ते हितं बसत व्हते."

आणि पानाशी मांडी घालून, सगळ्या भावकीच्या देखत, ती नवऱ्याच्या पानात जेवू लागली. मी माझं पान उचललं आणि तिच्याकडे निघालो.