नसलेल्या दारावरची थाप

आधीच सांगते, मी फिजिक्सवाली आहे. कुणी चमत्काराच्या गोष्टी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण घडलं ते घडलं.

आमचं घर शनिशिंगणापुरात, गावठाणाच्या कडेला. घराला दार नाही, नुसती चौकट. आमच्या गावात घरांना दारं लावत नाहीत, चोराला देव बघून घेतो अशी श्रद्धा. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री फळी टेकवायची, बस्स. चोर येत नाहीत, कबूल. पण पाहुण्यांचं काय? माझी खोली पुढचीच. दर शनिवारी दर्शनाला आलेलं कुणी ना कुणी थेट आत. मी एम.एस्सी.च्या एन्ट्रन्सचा अभ्यास करतेय, आणि हे माझ्या कॉटवर बसून विचारणार, "अजून शिकतीच हाय का?" घरात ठरलं होतं — परीक्षा एकदाच द्यायची, नाही जमलं तर लग्न. थोरले चुलते, अण्णा, तर तेवढंही थांबायला तयार नव्हते.

एका शनिवारी राहात्याच्या आत्याने देवाला वाहायच्या तेलाची बाटली माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवली. ती गळकी निघाली. माझा तोल सुटला. ओरडले, "पेपर होईपर्यंत या खोलीत कुनी पाऊल टाकायचं न्हाई!"

आई म्हणाली, "हळू बोल, लोकं ऐकत्यात."

दुसऱ्या दिवसापासून कुणी येईना. वाटलं, बरी अद्दल घडली. मग कळलं, गावभर बोंब झालीय की आमच्या घराला दार बसवलं! जाणती माणसं वडिलांना जाब विचारायला आली. वडिलांनी त्यांना आत आणून चौकट दाखवली. कुठलं दार?

"काल म्या सोता बघितलं, भाऊ. बंद हुतं," एकजण म्हणाला. आई तर रोज चहा घेऊन बिनधास्त ये-जा करत होती. मी म्हटलं, लोकांची डोकी फिरलीत.

पेपरच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मला न विचारता अण्णा मुलाकडच्यांना घेऊन आले. आई-वडील शेतात होते. मी खुर्चीवर, समोर मोकळी चौकट, चौकटीत अण्णा. त्यांनी हात उचलला आणि हवेत थाप मारली... लाकडाचा आवाज आला. जाड, जुन्या लाकडाचा.

"दार उघड गं!"

ते माझ्याकडेच बघत होते, आणि मी त्यांना दिसत नव्हते. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून मोठा होता. मी मान खाली घातली आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.

बाहेर मुलाचे वडील भडकले, "ज्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई, तिथं आमच्याच तोंडावर लावता व्हय?" आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन पेपर दिला. ॲडमिशन मिळाली. आता हॉस्टेलला असते. अण्णा चारचौघांत सांगतात, "देवानंच सांभाळली पोरीला." ऐकून संताप होतो. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण वर्षभर मी तोंडाने "आत येऊ नका" म्हणत होते, ते एकालाही ऐकू गेलं नाही. नसलेलं दार मात्र सगळ्यांना दिसलं.