शालूबाईंची बिनदुधाची पेस्ट्री

वडगावच्या शालूबाई मागावर साड्या विणायच्या, आणि एकदा हट्टाला पेटल्या की ऐकायच्या नाहीत. बेंगळुरूची लेक प्रियदर्शनी दूध-तूप खायचं सोडून माहेरी आली, तशी त्यांनी फळांची पेस्ट्री करायला घेतली. मैद्यात शेंगतेलाचं मोहन घातलं, आत चिकू भरला, साडीसारखी घडी घातली आणि कुकरात भाजायला ठेवली. घरात दुधाचा थेंब नको म्हणून नवऱ्याला, शामूअण्णांना, दिवसभर कोरा चहा पाजला.

पेस्ट्री झकास फुलली. शालूबाईंनी ती लेकीला गरमागरम वाढली आणि पुरणपोळीवर सोडतात तशी, हाताच्या सवयीनं, वर साजूक तुपाची धार सोडली.

लेक आ वासून बघत राहिली.

शामूअण्णांनी हात पुढं केला. "आण हिकडं. मी कायबी सोडलेलं न्हाय!"