रेडिएटरमधलं पाणी

गाडीच्या आधी मी तापायचे. शेगावच्या रस्त्याला पूर्णेचा पूल जवळ आला की काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागायचा, आणि मी बाबांशी बोलणं बंद करायचे. बाबा मागच्या सीटवर, पाठीला उशी लावून बसलेले. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना शेगावला डायलिसिसला न्यावं लागायचं. ठरलेली वेळ गेली की मशीन पुढच्या पेशंटचं. मग बाबांच्या अंगातलं पाणी अंगातच राहायचं, पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. घरात माणसं तीन, बाबा, आई आणि मी, आणि गाडी चालवता येते ती मला एकटीला. गाडी माझ्या नोकरीच्या सुरुवातीला घेतलेली, म्हणजे म्हातारीच. तिने तापायला नेमका हाच रस्ता निवडावा याचा मला भयंकर राग यायचा.

शेगावात स्टँडच्या मागे एक मिस्त्री होता. त्याचा मला यायचा तो राग वेगळाच. गाडी मी चालवत आणायचे, दुखणं मी सांगायचे आणि उत्तर तो बाबांना द्यायचा. पहिल्या खेपेला त्याने थर्मोस्टॅट काढून माझ्या हातावर ठेवला. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एक झडप असते.

"हे आपल्या इकडं लागतच नाई, काकाजी. थंड्या मुलखातल्या गाड्यायले लागते."

"मंग बनवणाऱ्यानं काऊन बसवलं?" मी विचारलं.

"ताई लय इचारते जी," तो बाबांना म्हणाला. बाबा हसले. मला दोघांचाही राग आला, पण दवाखान्याची वेळ होत होती, म्हणून झडप पर्समध्ये टाकून निघाले.

गाडी तापतच राहिली. दुसऱ्या खेपेला त्याने पंखा डायरेक्ट केला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, गरज असो नसो. तिसऱ्या खेपेला रेडिएटर पाहिला. निवल्यावर झाकण उघडलं तर जवळजवळ भरलेलाच दिसला. "गळत तं काईच नाई. हेड गॅस्केट गेलं असन, काकाजी. इंजिन खोला लागते." इंजिन खोललं की गाडी पडून राहणार, मग बाबांना दवाखान्यात न्यायचं कशातून? दुखणं कळेना तर पोट फाडा, असा कारभार.

मे महिन्यात एका दुपारी ती पुलाच्या अलीकडेच उकळली. बॉनेटमधून वाफ, आत बाबा घामाघूम, आणि रस्त्यावर सावलीच्या नावाने एक बाभूळ. दोन मोटरसायकलवाले थांबले. एक म्हणाला, झाकण खोला ताई, वाफ मोकळी होऊ द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, हे त्याला माहीत नव्हतं. दुसरा कॅनमधलं गार पाणी इंजिनावर ओतायला निघाला. तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते घरी जाऊन आईला विचार, असं मी त्याला सांगितलं. ते चांगल्या मनाने थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चांगल्या मनाने माझं इंजिन तडकलं असतं. ते जाताना बाबांना म्हणाले, पोरगी लय कडक हाय तुमची. इंजिन निवेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. त्या दिवशी बाबांना मशीन अर्धंच मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायात चप्पल जाईना.

मी रजा टाकली आणि स्वतःच शोधायला बसले. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, सकाळी पाहिला तर कोरडा. गार इंजिनाचं झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ. होज पाईप दाबून पाहिले, धड होते. म्हणजे मिस्त्री खरा ठरतो की काय, या विचाराने मी आणखीच भडकले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जरा लवकर जाग आली आणि बाहेर आले, तर बॉनेट उघडं. बाबा एका हाताने गाडीला धरून उभे, दुसऱ्या हातात तांब्या.

"काय करून राह्यले बाबा?"

"पाजून राह्यलो तिले. जुपायच्या आंधी बैलायले पाजत नोतो का?"

"रोज?"

"हाव. रोज अर्धा तांब्या तं पेते ते."

मी जे बोलले ते लिहीत नाही. बाप आजारी असताना बोलायचं बोलणं नव्हतं ते. आम्ही सगळे गळती शोधत होतो आणि बाबा रोज पहाटे उठून गेलेलं पाणी भरून ठेवत होते. रोज अर्धा तांब्या जर जात असेल, तर कुठून तरी जातच होता. मग मी गाडी चांगली तापेपर्यंत गावाबाहेर फिरवून आणली, इंजिन बंद केलं आणि टॉर्च घेऊन खाली वाकले. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाखाली पांढरा ओघळ सुकला होता. आमच्या माठाला बाहेरून जसा खार फुटतो, अगदी तसा. पाणी गाडी तापल्यावरच झिरपायचं आणि गरम लोखंडावर सुकून जायचं. पुठ्ठ्यावर पडायला थेंब उरायचाच नाही.

पुढच्या डायलिसिसला वाटेत तीनदा थांबत, गाडी निववत पोचलो. बाबांचं मशीन आटोपल्यावर मिस्त्रीकडे गेले आणि सांगितलं, पंप आणि रेडिएटर काढ, इंजिनाला हात लावायचा नाही. बाबा त्याच्या खुर्चीवर बसले होते. रेडिएटर निघाला तेव्हा आतल्या नळ्या पांढऱ्या खारानं बुजलेल्या होत्या. पंपाचं पातं अर्धं खाल्लेलं होतं.

"पाणी कोनतं टाकता, काकाजी?"

"घरचंच. बोअरचं."

"तुमच्या खारपानपट्ट्यातलं? ते नाई चालत जी गाडीले. धातू खाऊन टाकते ते."

बाबांनी खाल्लेल्या पात्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमी तं जिंदगीभर तेच पेलो."

"मानसाची गोष्ट अलग हाय, काकाजी," मिस्त्री हसत म्हणाला. "गाडी नाजूक रायते."

त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण मला ते आजही ऐकू येतं. बाबांच्या किडन्या कशाने गेल्या हे मी सांगू शकत नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारंच पाणी असलेल्या आमच्या गावात किडनीचा पेशंट नाही असा मोहल्ला दाखवा. दवाखान्यात बाबांना प्रत्येक खेपेला सांगायचे, पाणी मोजून प्या. कोणतं पाणी, हे एकदाही कुणी विचारलं नाही. ते कुणी विचारावं म्हणून बाबांना मिस्त्रीच्या खुर्चीवर येऊन बसावं लागलं, आणि विचारलं ते गाडीसाठी. गावात नळयोजनेची टाकी उभी आहे, दुरून छान दिसते. निवडणूक आली की तिला रंग देतात. पाणी मात्र अजून यायचं आहे.

नवा पंप बसला, नवा रेडिएटर बसला, माझ्या पर्समधली झडप मी परत बसवून घेतली. पाण्याऐवजी कूलंट भरलं. आता काटा मधल्या रेघेवरून हलत नाही, बाबा वेळेत पोचतात, मशीन पूर्ण मिळतं. घरी मी शुद्ध पाण्याचे कॅन सुरू केले. बाबा आधी विकतच्या पाण्याला नाकं मुरडायचे, पण त्या दिवसानंतर एका शब्दाने बोलले नाहीत. एक कॅन फक्त आई-बाबांच्या पिण्यासाठी ठेवायचा, असं मी बजावून सांगितलं होतं.

परवा ऑफिसातून घरी आले तर आई स्वयंपाकघरात गिलासभर पाणी पीत उभी होती. गिलासातलं पाणी माठातलं, माठातलं बोअरचं. कॅन कोपऱ्यात तसाच, सील न तोडलेला.

"माय, हे काऊन पेऊन राह्यली?"

"ते तुह्या गाडीले ठेवलं," आई म्हणाली. "तुह्या बाबाले दवाखान्यात न्या लागते. रस्त्यात गाडीले पाणी लागलं, तं हे खारं टाकशीन का तिच्यात?"

मी तिच्या हातातला गिलास ओढून घेतला आणि अंगणात ओतला. मग तिच्यावर ओरडले, गल्लीतले लोक दारात येईपर्यंत ओरडले. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं, आणि आई होती.